गमबुटावर साडेअडतीस टक्के

अमौसी म्हणजे लखनौचा विमानतळ, एवढंच आपल्याकडे बहुतेकांना माहीत असतं. पण तिथे औद्योगिक वसाहत आहे, कानपूरकडे जाणारा रस्ता आणि रेल्वे आहे, आणि विमानतळाच्या मालविभागात कस्टम्सचं कामही चालतं. पीएचडीच्या फील्डवर्कसाठी मी त्या बाजूला जात असते. पावसाळ्याच्या तोंडावर ठेकेदाराची माणसं नाल्यातला गाळ काढत होती. पायात रबरी चप्पल, दोघांच्या तर तीही नाही. बूट मिळत नाहीत का, असं विचारल्यावर एक जण म्हणाला, "मिला था दीदी. फोटो के बाद जमा करा लिया."

अनुभव तुमच्या गावचाही असू शकतो. पण मला आज बोलायचंय ते त्या बुटाच्या सरकारी कागदांबद्दल. तो कागद आपल्यातलं फारसं कुणी वाचत नाही, आणि ज्यांना त्यातून पैसा मिळतो ते मात्र नीट वाचतात.

कस्टम्सच्या दरपत्रकात पादत्राणं ६४ व्या प्रकरणात येतात. तिथे बुटाची ओळख पटते ती वरचा भाग कशाचा, तळ कशाचा, आणि दोन्ही कसे जोडलेत यावरून. सगळा रबराचा किंवा प्लास्टिकचा, शिलाई-खिळ्याशिवाय जोडलेला, पाणी आत न येणारा बूट ६४०१ मध्ये. चामड्याचा ६४०३ मध्ये. 'संरक्षक' हा शब्द या प्रकरणात येतो तो बोटांवरच्या धातूच्या टोपीपुरता, ज्याला दुकानात स्टील-टो म्हणतात. म्हणजे ज्याच्या पायावर लोखंड पडू शकतं, त्या कारखान्यातल्या कामगाराची गरज दरपत्रकाला कळते. कचऱ्यातली इंजेक्शनची सुई तळव्यातून आत जाऊ नये म्हणून बुटाच्या तळात जी पत्री असते, तिच्यासाठी वेगळा रकानाच नाही. हे वर्गीकरण जगभर सारखं आहे, आपल्याकडच्या कुणा बाबूने ठरवलेलं नाही. पण दर आपलं सरकार ठरवतं, आणि खरी गोष्ट दरात आहे.

सप्टेंबर २०१८ मध्ये पादत्राणांवरचं मूळ आयात शुल्क २० वरून २५ टक्के झालं. फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात ३५ टक्के. त्यावर, म्हणजे शुल्काच्या रकमेवर, १० टक्के समाजकल्याण अधिभार. समजा ४०० रुपयांचा गमबूट आला: शुल्क १४०, अधिभार १४, एकूण १५४. २०२५ च्या अर्थसंकल्पात शुल्क २० टक्क्यांवर आणल्याची बातमी झाली. त्याच वेळी अधिभार काढून १८.५ टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर लावला. आता हिशेब करा. शुल्क ८०, उपकर ७४, एकूण पुन्हा १५४.

मग बदललं काय? मूळ शुल्क केंद्र-राज्य वाटपाच्या पोटात जातं, त्यातून राज्यांना हिस्सा मिळतो. उपकर आणि अधिभार केंद्राकडेच राहतात. आधी १५४ पैकी १४० रुपये वाटपाच्या हिशेबात होते, आता ८०. नगरपालिका कुणाच्या? राज्यांच्या. सफाई कामगाराला बूट घेऊन द्यायचे कुणी? नगरपालिकेने. तिला विचारा, उत्तर ठरलेलं: निधी नाही. सफाई कामगाराच्या बुटावर आधी 'समाजकल्याण' या नावाने पैसा घेतला, नंतर 'शेती' या नावाने, आणि त्याच्या पायापर्यंत तो कुठल्याच नावाने पोचला नाही.

यावर दोन उत्तरं येतात. पहिलं बाजारवाल्यांचं: शुल्क काढा, बूट स्वस्त होतील, गरिबाचं भलं होईल. दुसरं स्वदेशीवाल्यांचं: शुल्कामुळेच चामड्याच्या धंद्यातला दलित कारागीर टिकलाय. दोघंही आपलंच नाव पुढे करतात, म्हणून दोघांनाही तपासायला हवं.

पहिल्याला माझं उत्तर सोपं आहे. नगरपालिकांचे बरेचसे गमबूट देशातच बनतात, आणि अमौसीच्या त्या माणसाचा बूट महाग होता म्हणून गेला नाही. फोटोनंतर तो परत घेतला गेला. दुसरं उत्तर जास्त अवघड, कारण त्यात थोडं तथ्य आहे. अमौसीहून त्याच रेल्वेने पुढे गेलं की उन्नाव आणि कानपूर. हा पट्टा सेफ्टी शूजसाठी ओळखला जातो, इथले बूट परदेशातल्या कामगारांच्या पायात जातात. हाजीपूरचे बूट रशियन सैन्य वापरतं, याचं २०२४ मध्ये केवढं कौतुक झालं! जाजमऊच्या टॅनऱ्यांमध्ये कातडं हाताळणारे हात मुख्यतः मुस्लिम आणि दलित. शुल्काचं संरक्षण कारखान्याला मिळतं. त्या हातांना मजुरीत किती मिळतं, याची अट अधिसूचनेत कुठेच नसते. कातडं कुणी कमवायचं, बूट कुणी शिवायचा आणि अनवाणी कुणी उतरायचं हे जातीने ठरवलं. सवर्णांच्या गल्लीतून जाताना चपला हातात घ्यायला लावणारी गावं आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिली आहेत. धोरणाने त्याला हात लावला नाही, फक्त टक्केवारी लावली.

वापरानुसार सूट देणं शक्य नसतं, असंही कुणी सांगेल. एप्रिल २०२० आठवा. व्हेंटिलेटर, मास्क, पीपीई, चाचणी किट यांवरचं मूळ शुल्क सरकारने एका अधिसूचनेने माफ केलं. कस्टम्स कायद्याचं कलम २५ त्यासाठीच आहे: सार्वजनिक हित. साथीत डॉक्टरचा जीव सार्वजनिक हितात बसला, आणि बसायलाच हवा होता. मुंबईत २००५ च्या पुरानंतर लेप्टोने माणसं मेली. तेव्हापासून दर पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात जाताना गमबूट घाला, असं डॉक्टर सांगतात. त्या पाण्यात रोज, वर्षभर, कोण उभं असतं?

इथे एक गैरसमज नको. गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरताच कामा नये. चांगला बूट घालून उतरला तरी विषारी वायू बुटाला विचारत नाही. २०१३ च्या कायद्याच्या नियमांत साधनांची लांबलचक यादी आहे, आणि तिचा वापर 'साधनं दिली होती' म्हणायला जास्त झालाय. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. पण रस्ता झाडणं, कचरा उचलणं, उघडे नाले काढणं ही कामं उद्या बंद होणार नाहीत. त्यांच्यासाठी बूट लागतो, आणि तो मापाचा लागतो. झाडूवाल्या बायकांना पुरुषांच्या मापाचे बूट दिले जातात, ते चालताना निसटतात. मग 'यांना सवयच नाही' म्हणणारा मुकादम तयारच असतो.

शुल्क शून्य करा असं मी म्हणत नाही. बुटांवरचा उपकर बूट लागणाऱ्यांसाठी राखून ठेवा, तो नगरपालिकांकडे पाठवा, आणि कामगाराच्या सहीने, मापासकट बूट पोचल्याशिवाय ठेकेदाराचं बिल काढू नका, एवढंच म्हणते.

तुम्ही पदवी घेतलीय, अर्ज लिहिता येतो. आपापल्या नगरपालिकेत माहिती अधिकाराचा अर्ज टाका, महाराष्ट्रात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. तीन वर्षांत किती जोड घेतले, कुठल्या मापांचे, आणि पोचपावतीवर सह्या कुणाच्या. ठेकेदाराच्या कामगारांचाही हिशेब मागा, नाहीतर फक्त कायम कामगारांचा देतील. उत्तर आलं की ते घेऊन पहाटे हजेरीच्या ठिकाणी जा आणि पायांकडे बघा.