लंपनला शिबिरात घालू नका

मार्च संपत आला की आम्हांला दरवर्षी एक विचारणा होते: सुट्टीतल्या मुलांसाठी 'सर्जनशील लेखना'चे दोन तास घ्याल का? आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. मानधन बरे असते, मुलांना भाषेची गोडी लावण्याचा हेतूही उदात्त वाटतो. त्यामुळे काही वर्षे आम्ही गेलोही. यंदा नकार दिला.

गेल्या वर्षी सकाळी योगासने, मग सुलेखन, मग वैदिक गणित, मग आम्ही आणि दुपारी मातीकाम असा क्रम होता. वीस मिनिटे खिडकीबाहेर पाहा आणि मनात येईल ते लिहा, असे आम्ही मुलांना सांगितले. तिसऱ्याच मिनिटाला प्रश्न आला, "मॅडम, विषय कोणता?" पाठोपाठ दुसरा, "किती ओळी?" दोष मुलांचा नव्हे. कोणीतरी काहीतरी करायला देईल, याची त्यांना सवय लावली गेली आहे, आणि ती लावणाऱ्यांत आम्हीही होतो. हीच मुले पुढे एम.ए.ला आमच्यासमोर बसतात. कविता वाचून झाली की पेन उघडून 'मुद्द्यां'ची वाट पाहतात.

प्रकाश नारायण संतांचा लंपन या संदर्भात पुन्हा वाचावा. कराडला भूशास्त्र शिकवणाऱ्या या लेखकाचे 'वनवास' १९९४ साली, पन्नाशी उलटल्यावर आले. चौथे पुस्तक 'झुंबर' त्यांच्या निधनानंतर, २००४ साली. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे वाढणारा लंपन हिंडतो, ऐकतो, मनातल्या मनात बडबडतो. त्याचा वेळ कसा जाईल याची चिंता कोणी वाहत नाही. 'मॅड' या एका शब्दात तो आनंद, भीती, कौतुक असे काय काय कोंबतो! ही भाषा रिकाम्या वेळात स्वतःशीच बोलणाऱ्या मुलाची आहे. समीक्षकांनी तिचे कौतुक पुष्कळ केले. ती कशातून आली, हे मात्र फारसे विचारले नाही.

मग मुलांना वाऱ्यावर सोडायचे काय? नाही. ब्रिटिश मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५८ सालच्या एका निबंधात मांडले आहे की, एकटे राहण्याची क्षमता मूल विश्वासाच्या माणसाच्या सान्निध्यातच कमावते. आई जवळ असते, पण लुडबूड करत नाही. लंपनच्या घरात आजी आहे, हे म्हणूनच महत्त्वाचे. मुलाच्या हाती मोबाइल देणे म्हणजेही मोकळे सोडणे नव्हे. तोही शिबिरचालकच, फक्त त्याची फी दिसत नाही.

आमच्या मते खरा आक्षेप वेगळाच आहे. लंपनचे मोकळेपण मुलाचे आहे. त्या काळातल्या कितीतरी मुलींच्या काखेला धाकटे भावंड होते, आणि आजही आमच्या वर्गातल्या काही मुली पाणी भरून, स्वयंपाक उरकून येतात. त्यांना कंटाळण्याचीही सवड कधी मिळाली नाही. तेव्हा आमचे म्हणणे 'आमच्या वेळी' छापाचे स्मरणरंजन नाही. जे काही मुलांनाच लाभले, ते सर्वांना मिळावे एवढेच. भारताने १९९२ साली स्वीकारलेल्या बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात, ३१व्या कलमात, विश्रांती आणि खेळ हा प्रत्येक मुलाचा हक्क मानला आहे. प्रमाणपत्राचा उल्लेख तेथे नाही!

दोन खोल्यांत राहणारे, दोघेही नोकरी करणारे आईबाप सुट्टीत मुलांना कुठे ठेवणार, हेही आम्हांला कळते. म्हणूनच नकार देताना आम्ही आयोजकांना सुचवले की सभागृह, सावली, पिण्याचे पाणी आणि लक्ष ठेवायला एक मोठे माणूस एवढे ठेवा. वेळापत्रक कोरे असू द्या. आम्ही कोपऱ्यात वाचत बसू, मानधन नको.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "पण सर, शेवटच्या दिवशी पालकांना दाखवायचे काय?"