कुरळ्या कुत्रीची वेणीफणी

गणपतीच्या सुट्टीत वेल्ह्याहून परतताना आमच्या चिरंजीवांनी एस. टी.तच जाहीर केले, "बाबा, मला ताईच्या ऋचेसारखेच कुत्रे हवे." त्यांच्या मातोश्रींनी तत्काळ माझ्याकडे पाहिले. आमच्या घरात कोणतीही अडचण उभी राहिली, की तिचे मूळ माझ्या बहिणीच्या घरात सापडते, असा त्यांचा जुना सिद्धान्त आहे. या वेळी तो खोडून काढण्याची सोय नव्हती.

ऋचा ही माझ्या भाचीची कुत्री. भाची तीन वर्षे नोकरीनिमित्त इटलीत बोलोन्याला होती. येताना दोन पेट्या आणि ही कुत्री घेऊन आली. आता ती आणि तिचा नवरा तोरण्याच्या पायथ्याशी घर बांधून राहतात. (तालुक्याला आता राजगडाचे नाव मिळाले आहे, पण माझी जीभ अजून वेल्हे म्हणण्याचे सोडत नाही.) कुत्रीचे नाव ऐकून मराठीचा प्राध्यापक म्हणून मला कोण आनंद झाला! परदेशात राहूनही पोरीला वेद आठवले! पण भाची म्हणाली, "नाही हो मामा, ते रिच्चा आहे. इटालियनमध्ये रिच्चा म्हणजे कुरळी." गावाने मात्र माझ्याच बाजूने कौल दिला. तिथे सगळे तिला ऋचाच म्हणतात. शेजारच्या आबांनी तिला पहिल्यांदा पाहिले तेव्हा विचारले होते, "सर, ह्ये कुत्रं हाय का कोकरू?"

आबांचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. या जातीचे नाव लागोत्तो रोमान्योलो. अंगावर केस नसून लोकरच असते, दाट आणि वळ्यावळ्यांची. मादी खांद्यापाशी ४१ ते ४६ सेंटिमीटर उंच आणि वजनाने ११ ते १४ किलो. नर थोडा मोठा. म्हणजे सदनिकेत सहज मावेल असे जनावर. केस गळत नाहीत, हे तर आमच्या चिरंजीवांनी आईला तीनदा सांगितले.

परंतु ही लोकर शोभेची नव्हे, ती कष्टकऱ्याची घोंगडी आहे. इटलीत कोमाक्कियोच्या आसपास मोठ्या दलदली होत्या. बंदुकीने टिपलेली पाणबदके थंड पाण्यात शिरून उचलून आणायची, हे या कुत्र्यांचे काम. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्या दलदली हळूहळू बुजवून शेते झाली, आणि कुत्री बेकार झाली. मग तिथल्या शेतकऱ्यांनी त्यांच्या नाकाला दुसरा धंदा लावून दिला. ट्रफल नावाची एक अळंबी झाडांच्या मुळांशी जमिनीखाली वाढते. तिचा वास माणसाला वरून लागत नाही, आणि बाजारात तिला जवळजवळ सोन्याचा भाव. पूर्वी ती हुडकायला डुकरेही नेत. पण डुक्कर सापडलेला माल स्वतःच फस्त करते. कुत्रा जागा दाखवतो आणि बिस्किटावर समाधान मानतो.

वासावर माग काढणारी कुत्री आपल्याला नवी नाहीत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात इंद्राची सरमा पणींनी लपवलेल्या गाईंचा माग काढीत थेट त्यांच्या दारात जाऊन उभी राहते. कुत्र्याला सारमेय म्हणतात ते तिच्यावरूनच. अलीकडची गोष्ट हवी तर पुण्यात गुन्हे अन्वेषण विभागाच्या शिवाजीनगरच्या केंद्रात शिकलेला झंजीर घ्या. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी मुंबईत त्याने ३,३२९ किलो आर. डी. एक्स. हुडकून दिले. २००० साली तो गेला. किती माणसे त्या नाकामुळे घरी जेवायला पोहोचली असतील!

असले नाक घरात रिकामे बसले तर काय होते, ते भाचीने पहिल्याच पावसाळ्यात पाहिले. वेल्ह्याचा पाऊस पुण्यासारखा नव्हे. एकदा बसला की आठ-आठ दिवस डोंगर दिसत नाही. बाहेर नेणे थांबले आणि ऋचेने चौथ्या दिवशी परसातल्या अळूचे सगळे कंद उकरून ओळीने ओसरीवर मांडले. तेव्हापासून भाची जायफळ चोळलेली चिंधी डबीत घालून कुठेतरी लपवते: कधी गवताच्या गंजीखाली, कधी जात्याच्या खुंटीमागे, उघाड असेल तर बांधावर मातीत. रोज अर्धा तास हा खेळ. डबी सापडली, की पनीरचा तुकडा. पाऊस कितीही असो, खेळ चुकत नाही, आणि अळू वाचले आहे.

आता त्या लोकरीबद्दल. गावठी कुत्रे ओढ्यातून बाहेर येते, एकदा अंग झाडते आणि कोरडे होते. ऋचा अंग झाडते आणि अर्धा ओढा अंगावर घेऊन घरात येते. ओली लोकर बगलेत, कानामागे आणि मांड्यांत गुंतते आणि तिचा नमदा बनतो. त्याखाली कातडी कुजते. म्हणून आठवड्यातून एकदा तरी कातडीपर्यंत विंचरायचे. वरवरची फणी फिरवली तर ते केवळ समाधान. उन्हाळ्यापूर्वी लोकर आखूड कापायची, पण तासून गोटा करायचा नाही. नाहीतर ऊन थेट कातडीवर येते. लोंबत्या कानांत हवा खेळत नाही, तेव्हा कान दर वेळी कोरडे करायचे. गोचिड्या तर लोकरीत अशा दडतात, की डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांनीच शोधाव्या लागतात. गोचिडीच्या तापाने कुत्रे खाणे सोडते, हिरड्या पांढऱ्या पडतात. मग घरगुती काढे नकोत, डॉक्टरच गाठावा. पिसाळरोगाची लस तर हवीच, पण भातखाचरांत उंदरांच्या मुतामुळे पसरणाऱ्या लेप्टोची लसही या भागात चुकवू नये. आणि रात्री कुत्रे घरात. बिबट्याला इटालियन आणि गावठी हा भेद कळत नाही.

पण गेल्या वर्षी ऋचेला ग्रासले ते एका कुसळाने. दिवाळीनंतर आपल्या डोंगरउतारांवर कुसळी गवत पिकते. त्याच्या काट्याची रचना अशी, की पुढे सरकतो, मागे येत नाही. ऋचा डोके हलवू लागली. भाचीला वाटले, कानात पाणी गेले असेल. दोन दिवस तिने कापसाने कान पुसला. तिसऱ्या दिवशी कुत्री मान वाकडी करून कोपऱ्यात बसली, आणि हात लावताच भाचीच्या अंगावर गुरकावली. आजवर असे कधी झाले नव्हते. नसरापूर, कापूरहोळ करीत तिला भोरला नेले. डॉक्टरांनी गुंगी देऊन कानातून बोटाच्या पेराएवढे कुसळ काढले. ते पडद्याला भिडले होते. भाचीने ते कुसळ काडेपेटीत जपून ठेवले आहे. विंचरायचा कंटाळा आला, की ती पेटी उघडून पाहते. आता कुसळीच्या दिवसांत ऋचेच्या कानांची आणि बोटांच्या बेचक्यांची लोकर आखूड कापतात, आणि फिरून आल्यावर आधी कुत्रीचे कान, मग माणसांचा चहा.

हे सारे ऐकूनही चिरंजीवांचा हट्ट कायम. मध्यंतरी एका विक्रेत्याकडे आम्ही जाऊनही आलो. पिल्लू कुरळे होते खरे. पण आईबाप दाखवा म्हटले, तर गृहस्थ किमतीवर बोलू लागला. या जातीत काही पिल्लांना पाच ते नऊ आठवड्यांच्या वयात झटके येतात. ते बहुधा चार महिन्यांच्या आत आपोआप थांबतात. मज्जासंस्थेचा दुसरा एक आनुवंशिक रोग आहे, तो मात्र थांबत नाही. दोन्हींची तपासणी आईबापांच्या रक्तावरून करता येते. खुब्याच्या सांध्यांची क्ष-किरण चित्रेही मागावीत. मी हे विचारले तेव्हा गृहस्थ म्हणाला, "साहेब, कुत्रं घ्यायचंय की जावई करायचाय?" जावयाची निदान आपण चौकशी तरी करतो, असे उत्तर मला सुचले, पण नेहमीप्रमाणे जिना उतरल्यावर.

शेवटी मी एक अट घातली. दिवाळीपर्यंत दर रविवारी सकाळी स्वारगेटहून वेल्ह्याची एस. टी. पकडायची, ऋचेला कातडीपर्यंत विंचरायचे, कान तपासायचे आणि संध्याकाळी परत यायचे. तेवढे जमले, तर पिल्लाचा विषय पुन्हा काढू. मला वाटले होते, दोन रविवारांत प्रकरण मिटेल. आजवर पाच रविवार झाले. एक क्रिकेटच्या सामन्यात बुडाला. एकदा स्वारी बारा वाजता उगवली आणि निम्मीच कुत्री विंचरून परतली, असे भाची सांगते. पण उरलेले तीन पुरते झाले, आणि परवा ऋचेच्या पंजातले कुसळ यानेच काढले.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री ऋचेला आतल्या खोलीत ठेवून बाजूला रेडिओ लावतात; फटाक्यांनी ती थरथर कापते. शेजारच्या नेपाळात नेमके नरकचतुर्दशीला कुत्र्यांना हार घालून टिळा लावतात, आणि आपण त्यांच्या कानाशी सुतळी बॉम्ब लावतो. यंदा पाडव्याला तिची लोकर कापायची आहे. भाचीचा निरोप आला, "मामा, त्याला पाठवा, धरायला माणूस हवे." चिरंजीव अजून सांगतो-सांगतो करीत आहेत. त्यांच्या मातोश्रींनी मात्र केस गोळा करायला एक जुनी चादर काढून पिशवीत घालून ठेवली आहे.