काका आणि कागद

मे महिन्यात ११ वर्षांच्या पुतण्याला पॅरिसला न्यायचं ठरलंय. आईबाप सोबत नाहीत, म्हणून शेंगेन व्हिसासाठी दोघांचं संमतिपत्र हवं, शिवाय जन्मदाखला. रिठदला फोन केला तर दादा भडकलाच. "सख्खा काका नेतोय, लिहून काय द्यायचं? आणि दिलंच तर माझी सही पुरे, तिची कशाला?"

आता बोला!

काका म्हणजे बापच, हे गावात ठीक. मी पोराला फिरवायला नेतोय, पळवायला नाही, हे व्हिसा अधिकाऱ्याला कसं कळणार? नवरा-बायकोच्या भांडणात मूल परदेशी नेल्याचे प्रकार होतातच, आणि असं मूल परत मिळवण्यासाठीच्या १९८०च्या हेग करारात भारत अजूनही नाही. मग अडवायचं ते विमानात बसण्याआधीच अडवलेलं बरं. (पासपोर्टच्या वेळी अ‍ॅनेक्शर डीवर दोघांच्या सह्या लागल्या होत्या, हे दादा सोयीस्कर विसरला.)

"तिची कशाला" हे मात्र फारच खटकलं. शाळा, दवाखाना, रात्रीची जागरणं सगळं वहिनीचं, आणि विचारायची वेळ आली की ती नको? इथे तिने नाही म्हटलं तर पोरगं जात नाही. दादाला सांगितलंय, आधी वहिनीला विचार, मग तिकीट काढतो.