येलदरीचे पाणी आणि शहराचा हिशेब

परभणी शहराच्या विकासाची चर्चा निघाली की रस्ते, उड्डाणपूल, नाट्यगृह, क्रीडासंकुल अशी यादी समोर येते. या यादीतील प्रत्येक वस्तू ज्या पाण्यावर उभी राहावयाची, ते पाणी मात्र शहराच्या नकाशात कोठेच दिसत नाही. ते जिंतूर तालुक्यातील येलदरीच्या जलाशयात आहे. आपले नगरनियोजन महापालिकेच्या हद्दीवर येऊन थांबते आणि शहराचा प्राण त्या हद्दीबाहेर पूर्णेच्या पात्रात असतो. पर्यावरणाशी सुसंगत नगररचनेविषयी परिसंवाद पुष्कळ होतात, पण या विसंगतीकडे त्यांत क्वचितच कोणी बोट दाखवतो.

पूर्णा नदीवरील येलदरी धरण १९६८ साली पूर्ण झाले. ९३४ दशलक्ष घनमीटर क्षमतेचे हे मातीचे धरण आणि त्याखालचे सिद्धेश्वर धरण मिळून पूर्णा प्रकल्प होतो. परभणी, हिंगोली व नांदेड जिल्ह्यांतील शेतीला पाणी देणे हा त्याचा मूळ हेतू होता. धरणाच्या पायथ्याशी साडेबावीस मेगावॉटचे वीजगृह आहे. शहरांची तहान त्याच्या माथी पुढे एकेक करून आली. परभणीसाठी पूर्वी धरणातून नदीपात्रात पाणी सोडून ते राहाटीच्या बंधाऱ्यात अडवावे लागे. वाटेत पात्र किती पिणार, ऊन किती नेणार आणि काठावरचे पंप किती उचलणार, याचा नेम नसे. आता थेट जलाशयातून बंद जलवाहिनीने पाणी येते. ही सुधारणा मोठी आहे आणि तिचे श्रेय द्यावयासच हवे.

आता थोडे गणित मांडू. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या तीन लाखांहून थोडी अधिक आहे. माणशी १३५ लिटर हे रूढ प्रमाण धरले तर रोजची गरज चार कोटी लिटरच्या घरात जाते आणि वर्षाची पंधरा दशलक्ष घनमीटरच्या. येलदरीचा उपयुक्त साठा सुमारे ८१० दशलक्ष घनमीटर, म्हणजे शहराचा वाटा दोन टक्क्यांहूनही कमी! हा आकडा पाहून कोणीही निश्चिंत होईल, आणि फसगत होते ती येथेच. हा हिशेब भरलेल्या धरणाचा आहे. २००६ नंतर येलदरी पूर्ण भरण्यास २०२० साल उजाडावे लागले. मधली चौदा वर्षे काय? वरच्या अंगाला बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णा प्रकल्प झाला, खोऱ्यात ठिकठिकाणी पाणी अडले. ते अडवणाऱ्यांचाही त्या पाण्यावर हक्क आहेच. खाली येणारा ओघ मात्र त्यामुळे पूर्वीसारखा राहिला नाही. ज्या शहराचे नियोजन भरल्या धरणाच्या भरवशावर होते, त्याचे काय होते ते लातूरने २०१६ साली पाहिले. मांजरा कोरडी पडली आणि एप्रिल महिन्यात मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आणावे लागले.

टंचाईच्या वर्षी आणखी एक गोष्ट घडते. पिण्याच्या पाण्याचा अग्रहक्क निर्विवाद असल्याने उरलेला साठा शहरांसाठी राखून ठेवला जातो आणि कालव्याची आवर्तने रद्द होतात. राज्याच्या २००३ च्या जलनीतीत तर पिण्यानंतरचा क्रम उद्योगाचा होता आणि शेती तिसरी होती. २०११ मध्ये तो क्रम बदलून शेती दुसऱ्या स्थानी आली. कागदावरचा क्रम बदलला, तरी धरणात पाणीच नसेल तर दुसरे काय नि तिसरे काय! ज्या शेतकऱ्यासाठी हे धरण झाले, तोच अशा वर्षी सर्वांत आधी माघार घेतो. तहानलेल्याला पाणी नाकारण्याची आपली रीत नाही, म्हणून तो तक्रारही करत नाही. त्याच्या या मुकाट्याने सोसण्याला गृहीत धरून शहरे वाढवणे हे नियोजन नव्हे.

शहराने त्याची परतफेड करावयाची ठरवली तर ती शक्य आहे. शहराला मिळणाऱ्या पाण्यापैकी सुमारे ऐंशी टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते. परभणीच्या बाबतीत ते वर्षाला बारा दशलक्ष घनमीटरच्या आसपास भरते. हेक्टरी सहा हजार घनमीटर लागतात असे धरले, तर प्रक्रिया केलेल्या या पाण्यावर दोन हजार हेक्टर शेती भिजू शकते. नागपूरने भांडेवाडी येथे मैलापाणी शुद्ध करून ते कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला दिले. आपल्याच राज्यातील हे उदाहरण असताना दाखल्यासाठी सिंगापूर गाठण्याचे कारण नाही. देशाचे चित्र मात्र खेदजनक आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या अहवालानुसार शहरी भारतात रोज सुमारे ७२ हजार दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होते आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होते ती जेमतेम २० हजार दशलक्ष लिटरवर. बाकीचे नद्यांच्या स्वाधीन! वर्षातून एकदा नदीची ओटी भरावयाची आणि वर्षभर तिच्यात गटार सोडावयाचे, हा विरोधाभास आपल्या अंगवळणी पडला आहे.

याच जिल्ह्यात पाण्याचा विवेक दगडात कोरलेला आहे. चारठाण्याची प्राचीन मंदिरे आणि बारव, वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव ही काही केवळ छायाचित्रे काढण्याची स्थळे नव्हेत. मराठवाड्याचा काळा पाषाण पाणी फारसे साठवत नाही. भेगांतून आणि मुरमातून जेवढे झिरपते तेवढेच हाती लागते. हे ओळखून त्या काळच्या कारागिरांनी जागा निवडल्या आणि देवळाच्या सान्निध्यात पाणी ठेवून ते निर्मळ राखण्याची व्यवस्था लावली. वालूरची बारव गाळाने भरली होती. ग्रामस्थ आणि स्वयंसेवकांनी ती मोकळी केली. नळ आल्यावर शहरांनी मात्र आपले जुने आड बुजवले, त्यांवर दुकाने बांधली, ओढ्यांची गटारे केली. पाचशे चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावर पर्जन्यजल संधारण सक्तीचे आहे. बहुतेक ठिकाणी ते परवानगीच्या नकाशातील एका चौकोनापुरते उरते. त्याहून लहान भूखंडांवर, म्हणजे जेथे बहुसंख्य मध्यमवर्गीय घरे आहेत तेथे, सक्तीही नाही.

शहराच्या विकास आराखड्यात पाण्याचे स्वतंत्र प्रकरण असावयास हवे. धरण निम्मे भरलेल्या वर्षी किती लोकसंख्या पोसता येईल, हा त्यातील पहिला आकडा असावा. नवी वसाहत मंजूर करताना तिचे सांडपाणी कोठे शुद्ध होणार याचे उत्तर आधी मिळावे. पिंगळगड नाल्यासह शहरातील प्रत्येक ओढ्याची पूररेषा आखून तेथे बांधकामाला मज्जाव असावा. यांपैकी कशालाही नवा कायदा लागत नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने नगररचना, पाणीपुरवठा आणि पर्यावरणरक्षण ही तिन्ही कामे पालिकांच्या यादीत १९९३ पासूनच आहेत. आराखडा तयार करण्याची रीत १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमात दिलेली आहे. त्याच अधिनियमानुसार प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर कोणाही व्यक्तीस मुदतीत लेखी हरकत घेता येते. ती व्यक्ती शहराचीच रहिवासी असावी, अशी अट त्यात नाही. येलदरीच्या लाभक्षेत्रातील शेतकऱ्यालाही परभणीच्या आराखड्यावर आपली हरकत नोंदवता येईल.