हॉर्न मालकाचा, चलन चालकाचे

खासगी मोटारीला किंवा मोटारसायकलीला बाजारातून प्रेशर हॉर्न आणून बसविणे कायद्यात बसते काय, असा प्रश्न चालक बांधव वारंवार विचारतात. उत्तर एका शब्दाचे आहे : नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११९ प्रत्येक वाहनाला हॉर्न सक्तीचा करतो. आणि तोच नियम एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारा, कर्कश, कानठळ्या बसविणारा किंवा दचकविणारा हॉर्न बसविण्यास मनाई करतो. सवलत आहे ती रुग्णवाहिका, अग्निशमन दल, पोलीस, मोटार वाहन खात्याचे अधिकारी अशा मोजक्यांना, आणि तीही कर्तव्यावर असताना. १० डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लाल दिव्यांच्या प्रकरणात हीच मनाई पुन्हा बजावली व पोलिसांनी भीडमुर्वत न ठेवता दंड करावा असे सांगितले. काचेवर कुठल्याशा समितीच्या अध्यक्षपदाची पाटी लावून सायरन वाजवीत फिरणाऱ्यांपर्यंत ते अद्याप पोहोचलेले दिसत नाही!

हा प्रश्न केवळ शांतताप्रिय नागरिकांचा आहे, असे समजण्याचे कारण नाही. गाडीवाला हॉर्न वाजवून दोन मिनिटांत निघून जातो. चौकातला वाहतूक हवालदार, रस्ता झाडणारी सफाई कामगार भगिनी, फेरीवाला, रिक्षाचालक, बसचा कंडक्टर यांची मात्र अख्खी पाळी त्या आवाजात जाते. कारखान्यासाठी आदर्श नियमांनी मर्यादा घातली : ९० डेसिबलला आठ तास, १०० डेसिबलला दोनच तास, आणि ११५ डेसिबलच्या वर क्षणभरही नाही. गोंगाटाने येणारा बहिरेपणा कारखाना कायद्याच्या अनुसूचीत व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदला गेला, आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या यादीतही तो आहे. पण रस्ता हेच ज्यांचे कामाचे ठिकाण, त्यांच्या कानावर किती डेसिबल पडतात हे मोजायला कोणता निरीक्षक येतो?

आता शिक्षेकडे वळू, कारण आमच्या सभासदांच्या पोटाचा प्रश्न तेथे आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९०(२) नुसार ध्वनिनियंत्रणाची मानके मोडणारे वाहन सार्वजनिक ठिकाणी चालविल्यास, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि शिवाय तीन महिन्यांसाठी परवान्यास अपात्रता आहे. स्वतःची गाडी स्वतः चालविणाऱ्याला हे तीन महिने गैरसोयीचे जातील. पगारी ड्रायव्हरच्या घरची चूल मात्र तीन महिने विझेल, आणि तेवढा काळ जागा रिकामी ठेवणारा मालक विरळाच.

वास्तविक त्याच कलमाचे शब्द केवळ वाहन चालविणाऱ्यापुरते नाहीत. चालवायला लावणारा व चालवू देणाराही त्यात येतो. त्यापुढे कलम १८२अ(४) तर थेट मालकाविषयीच आहे : नियमबाह्य सुटे भाग बसवून वाहनात फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही. कायद्याने मालकाला सोडलेले नाही. सोडतो तो रस्त्यावरचा कारभार, कारण स्टिअरिंगवर बसलेला माणूस समोर सापडतो आणि मालक ऑफिसात असतो. हॉर्न विकणारा तर कोणाच्याच नजरेस पडत नाही, जरी त्याचा माल दुकानाच्या दर्शनी भागात टांगलेला असतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये कोचीत जप्त केलेले एअर हॉर्न रोडरोलरखाली चिरडण्यात आले. छायाचित्र छान आले. दुकाने कोणी तपासली?

साध्या हॉर्नला आता कोणी दाद देत नाही, असे आमचेच काही चालक बंधू म्हणतात. त्यात तथ्य आहे. काचा बंद, आत गाणी, मग बाहेरच्याने आवाज वाढवायचा, त्याला उत्तर म्हणून शेजारच्याने आणखी वाढवायचा. पण या चढाओढीला अंत नाही. मिझोरामची राजधानी ऐझॉल ही अरुंद, चढउताराच्या रस्त्यांची. तरीही तेथील वाहने रांगेत, हॉर्न न वाजविता चालतात, ही त्या शहराची ख्यातीच आहे.

मालकाने असा हॉर्न बसवून आणायला सांगितला तर चालक बांधवांनी नकार द्यावा. आधीच बसविलेला असेल तर तो काढण्याविषयी मालकाला लेखी कळवावे व त्याची प्रत युनियनच्या कचेरीत द्यावी. उद्या परवान्यावर गदा आली तर तोच कागद हाती असेल.

परिवहन खात्याकडे आमची मागणी अशी की, खासगी वाहनावर बेकायदा हॉर्न आढळल्यास तो जागीच उतरवावा आणि कलम १८२अ(४) खाली मालकावर स्वतंत्र कारवाई करावी. निव्वळ चालकाचा परवाना अडकवून प्रकरण मिटवू नये. आणखी एक. ट्रक-टॅक्सीला ठराविक मुदतीने योग्यता तपासणीला जावे लागते. खासगी मोटारीची नोंदणी मात्र पंधरा वर्षांची, आणि मधल्या काळात ती जाते फक्त पी.यू.सी. केंद्रावर, जेथे धूर तपासतात. त्याच केंद्रावर बॉनेट उघडून हॉर्न पाहायला पाच मिनिटे पुरतील. बेकायदा हॉर्न असलेल्या गाडीला पी.यू.सी. प्रमाणपत्र देऊ नये, असा नियम केंद्र सरकारने करावा.