रिफ्लेक्टर लावला म्हणजे झालं?

उसाचा हंगाम सुरू झाला की जुन्नर-आंबेगावच्या रस्त्यांवर रात्री विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांकडे निघालेल्या ट्रॉल्या दिसतात. म्हणजे, दिसल्या तर! "मागे रिफ्लेक्टर लावा" हा सल्ला सगळेच देतात. बरोबरच आहे. कोरड्या हवेत तो झकास चालतो. बिबट्याच्या डोळ्यांसारखा, आलेला उजेड आल्या वाटेनं परत पाठवतो.

पण धुक्याचं गणित वेगळं. समजा, धुक्यातून उजेडाचा दहावा हिस्साच पार होतो. रिफ्लेक्टरपर्यंत जाताना एक दशांश उरला, परत येताना त्याचाही एक दशांश. म्हणजे शंभरातला एक! शिवाय धुक्याचे थेंब आपलाच उजेड आपल्या डोळ्यांवर उधळतात; अप्पर लावला की समोर पांढरी भिंत. पेटत्या टेललाइटचा उजेड मात्र धुकं एकदाच ओलांडतो.

म्हणून माझं स्पष्ट मत: रिफ्लेक्टर हवाच, पण ट्रॉलीमागे पेटता लाल दिवाही हवा. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालणारा साधा एलईडी पुरे. कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाबरोबर तोही तपासा. बंद असेल तर ट्रॉली गेटाबाहेर सोडू नका.

आणि पावसाळ्यात वीकेंडला माळशेज घाटात निघालेले आपण? डिपर आणि कमी वेग, दुसरा उपाय नाही. पटतंय का?