फोनवरचे डॉक्टर : सोय खरी, पण निवड कोणाची?

प्रतिनिधी

‘अमुक डॉक्टरांच्या हाताला गुण आहे,’ असे मराठी घरांतून आजही ऐकू येते. त्यात महत्त्व पदवीला वा औषधाला नाही, ते हाताला आहे. नाडी पाहणारा, पोट चाचपणारा हा हात भ्रमणध्वनीच्या पडद्यातून रुग्णापर्यंत पोहोचत नाही, ही टेलिमेडिसिनविषयी रुग्णांची सर्वांत जुनी तक्रार आहे. असे असूनही याच रुग्णांनी ही सेवा मोठ्या संख्येने स्वीकारली. केंद्र सरकारच्या ‘ई-संजीवनी’ सेवेने फेब्रुवारी २०२३ मध्ये १० कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला. त्या वेळी लाभार्थ्यांमध्ये ५७ टक्क्यांहून अधिक महिला होत्या, तर सुमारे १२ टक्के ज्येष्ठ नागरिक होते. सर्वाधिक वापर करणाऱ्या पहिल्या १० राज्यांत महाराष्ट्राचाही समावेश होता.

तक्रार आणि प्रतिसाद यांतील ही विसंगती वरवरची आहे. रुग्ण फोनच्या बाजूने नाहीत आणि विरोधातही नाहीत. कोणत्या वेळी फोन पुरेसा आहे आणि कोणत्या वेळी नाही, हे त्यांना अनुभवाने कळते. ते ठरविण्याचा अधिकार त्यांच्या हाती राहणार की नाही, हा खरा प्रश्न आहे.

संशयाकडून मान्यतेकडे

फोनवरून औषधोपचार करण्याला भारतात बराच काळ स्पष्ट नियम नव्हते. रत्नागिरी येथे प्रसूतीनंतर प्रकृती बिघडलेल्या एका महिलेवर डॉक्टरांच्या अनुपस्थितीत, त्यांनी दूरध्वनीवरून दिलेल्या सूचनांनुसार उपचार झाले आणि पुढे तिचा मृत्यू झाला. या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये संबंधित डॉक्टर दांपत्याला अटकपूर्व जामीन नाकारला. तो दोषसिद्धीचा निर्णय नव्हता. परंतु निदान न करता औषध देण्याविषयी न्यायालयाने व्यक्त केलेल्या मतांमुळे वैद्यकीय वर्तुळात खळबळ उडाली आणि फोनवर सल्ला द्यावा की नाही, अशी धास्ती निर्माण झाली.

करोनाच्या साथीने चित्र पालटले. २५ मार्च २०२० रोजी, देशव्यापी टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली. पाठोपाठ एप्रिलमध्ये घरबसल्या डॉक्टरांशी बोलण्याची ‘ई-संजीवनी ओपीडी’ सुरू झाली.

रुग्णांना काय हवे आहे?

मोखाडा, अक्कलकुवा वा भामरागडच्या रुग्णाला तज्ज्ञ डॉक्टर गाठायचा म्हणजे प्रवासखर्च, बुडालेली मजुरी आणि बरोबर येणाऱ्या नातेवाइकाचाही दिवस, असा हिशेब करावा लागतो. मधुमेहाचा वा रक्तदाबाचा रुग्ण केवळ अहवाल दाखवून पुढच्या महिन्याची औषधे लिहून घेण्यासाठी हा खर्च करीत असेल, तर फोनवरचा सल्ला त्याला वरदान वाटणे स्वाभाविक आहे. याला शास्त्रीय आधारही आहे. ९३ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणारा कॉक्रेन संस्थेचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. टेलिमेडिसिनच्या मदतीने मधुमेहींची साखर अधिक चांगली नियंत्रणात राहते आणि हृदयविकाराच्या काही रुग्णांत त्याचे परिणाम प्रत्यक्ष सेवेच्या तोडीचे असतात, असे त्यात आढळले. मानसिक आरोग्याच्या बाबतीत तर पडद्याआड राहणे हीच अनेकांना सोय वाटते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर बोलणाऱ्याला गावातल्या कोणाच्याही नजरेला पडावे लागत नाही.

नव्या दुखण्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. पोटातली कळ नेमकी कुठे दाबल्यावर उठते, छातीत घरघर आहे का, गाठ टणक आहे की मऊ, हे फोनवर कळत नाही. वृद्ध रुग्णाला ऐकू कमी येते, लहान मुलाला सांगता येत नाही. बाईला सासरच्या माणसांनी भरलेल्या खोलीत पाळीचा त्रास उघडपणे बोलता येत नाही. त्यातच इंटरनेट कधी तरी वापरलेल्या महिलांचे देशातील प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत ३३ टक्के होते. पुरुषांत ते ५७ टक्के होते.

मग ‘ई-संजीवनी’त महिला निम्म्याहून अधिक कशा? याचे उत्तर या सेवेच्या रचनेत आहे. तिचे बहुतांश सल्ले घरातून नव्हे, तर उपकेंद्र वा प्राथमिक आरोग्य केंद्रातून घेतले जातात. तेथे समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाचा रक्तदाब मोजतात, तक्रार समजून घेतात आणि मग दूरच्या डॉक्टरांशी संपर्क साधतात. म्हणजे पडद्यापलीकडे डॉक्टर असले, तरी पडद्याअलीकडे रुग्णाजवळ एक प्रशिक्षित माणूस असतो. सेवेचे यश तंत्रज्ञानाइतकेच या माणसाचे आहे.

धोका कुठे आहे?

नेमका हाच मुद्दा विसरला जाण्याची भीती आहे. सपाट प्रदेशात ३० हजार आणि डोंगराळ व आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा निकष आहे. तेथील डॉक्टरांचे पद रिक्त राहिले, तर ते भरण्याऐवजी पडदा बसविणे प्रशासनाला सोपे आणि स्वस्त वाटू शकते. शहरांतही गर्दीच्या रुग्णालयांना वा खासगी ॲप चालविणाऱ्या कंपन्यांना रुग्ण दारात न येणेच सोयीचे असते. ‘फोनवर बोलता येईल’ या सोयीचे ‘फोनवरच बोला’ या सक्तीत रूपांतर व्हायला वेळ लागत नाही.

या सक्तीविरुद्ध रुग्णाच्या हाती एक शस्त्र आहे, पण ते फारसे कोणाला ठाऊक नाही. रुग्ण प्रत्यक्ष येण्यास तयार असताना किंवा प्रत्यक्ष तपासणीची मागणी करीत असताना टेलिमेडिसिनचाच आग्रह धरणे हे गैरवर्तन आहे, असे २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक द्यावा, शुल्काची पावती द्यावी, असेही त्यांत आहे. काही औषधे पहिल्या वेळी केवळ व्हिडिओवर पाहूनच लिहिता येतात, काही फक्त जुन्या उपचाराचा पाठपुरावा म्हणून, तर अमली पदार्थांच्या वर्गातील औषधे मुळीच लिहिता येत नाहीत. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या यंत्रणेला रुग्णास थेट सल्ला वा औषध देण्याची परवानगी नाही. ही तत्त्वे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेला जोडलेली असल्याने उल्लंघनाची तक्रार राज्याच्या वैद्यक परिषदेकडे करता येते.

हे नियम इंग्रजीत आहेत आणि रुग्णाचा केसपेपर ज्या खिडकीवर निघतो, तेथे त्यांचा मागमूस नसतो. ‘प्रत्यक्ष तपासणी मागणे हा आपला हक्क आहे’ एवढे एक मराठी वाक्य प्रत्येक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लिहिण्यास फारसा खर्च येणार नाही. दूरच्या सल्ल्यानंतर प्रत्यक्ष तपासणी आवश्यक ठरलेल्या रुग्णाला कोणत्या रुग्णालयात, कोणत्या दिवशी जायचे हेही त्याच वेळी सांगितले गेले पाहिजे. अन्यथा सल्ला मिळूनही तो वाऱ्यावरच राहतो.

ज्याला दवाखाना गल्लीत आहे, त्याच्यासाठी फोन हा दुसरा पर्याय आहे. ज्याचा डॉक्टर ६० किलोमीटर दूर आहे, त्याच्यापुढे फोन की काहीच नाही, एवढीच निवड उरते आणि तिला निवड म्हणता येत नाही. टेलिमेडिसिनचे यश कोटींच्या आकड्यांत मोजले जात आहे. त्या आकड्यांबरोबर, प्रत्यक्ष तपासणी मागणाऱ्या किती रुग्णांना ती वेळेत मिळाली, याचीही नोंद शासनाने जाहीर करावयास हवी.